थांबा, मिरचीचं झाड उपटू नका!

दोस्तांनो, फेब्रुवारी सरत आला. पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी पंखा लावल्याशिवाय बसवत नाही, असे हे दिवस. वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक एव्हाना वहीत उतरवून झालं असेल. पण जून-जुलैत तुम्ही अंगणात, गच्चीत नाहीतर खिडकीतल्या कुंडीत जे मिरचीचं रोप लावलं होतं, त्याच्याकडे इतक्यात कधी पाहिलंत का? खालची पानं पिवळी पडलेली, शेंड्याची आखडलेली, फूल येतंय आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतंय, आणि एखाद्या फांदीला बोटभरही नसलेल्या चार वाकड्या मिरच्या. असंच दिसतंय ना?

मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "संपलं आता ते. उपट आणि कुंडी मोकळी कर." तुम्ही लगेच उपटता. मुळासकट झाड ओढून काढायला मजाही येते, ते खोटं कशाला बोला! पण आज जरा थांबा. झाड खरंच संपलंय का, हे आधी त्यालाच विचारू या.

विचारायचं कसं? सोपं आहे. बुंध्याजवळच्या जाड फांदीवर नखाने किंचित साल खरवडा. अगदी किंचित, तांदळाच्या दाण्याएवढी. आत हिरवं आणि ओलसर दिसलं, तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं, तर ती फांदी गेली. मग आणखी खाली खरवडून बघा. बुंध्यापर्यंत सगळीकडे तपकिरीच निघालं, तरच झाड मेलं असं समजायचं. दहापैकी कितीतरी "संपलेली" झाडं या परीक्षेत पास होतात, बरं का!

आता तुम्ही म्हणाल, मिरची तर एका हंगामाचं पीक, पुस्तकात तसंच लिहिलंय. शेतकरी तसंच घेतात हेही खरं. एवढंच काय, मिरचीचं शास्त्रीय नावच 'कॅप्सिकम अ‍ॅन्युअम' आहे, आणि 'अ‍ॅन्युअम' म्हणजे वर्षाचं, वर्षायू. स्वीडनच्या लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५३ साली हे नाव दिलं. युरोपातल्या कडाक्याच्या थंडीत मिरचीचं झाड दरवर्षी मरून जातं. तिथे ती वर्षायूच ठरणार. पण मिरचीचं मूळ गाव मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडचं. जिथे हिमकण पडत नाहीत अशा उबदार जागी तेच झाड दोन-तीन वर्षं टिकतं, बुंधा लाकडासारखा कठीण होतो आणि लहानसं झुडूपच तयार होतं. कोकणात आणि गोव्यात परसातल्या लवंगी मिरचीचं असं जुनं झुडूप तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात मिरची आपल्याकडे आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी वापरायचे. 'मिरी'वरूनच 'मिरची' हे नाव पडलं. म्हणजे आपल्या ठेच्यातली ही बाई मुळात पाहुणी. पण इथली हवा तिला अशी मानवली, की आज कुणाला खरं वाटत नाही.

मग झाड असं मरगळलं का? मुख्य कारण ऊन. मिरचीला ऊब आवडते, भट्टी आवडत नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर जायला लागलं आणि रात्रही गार होईना, की फुलातले परागकण नीट काम करत नाहीत, फळ धरत नाही आणि झाड फूल टाकून देतं. याला आपल्याकडे फूलगळ म्हणतात. विदर्भात, खानदेशात ती लवकर दिसते, महाबळेश्वर-पाचगणीकडे उशिरा. परदेशात थंडीच्या गावी राहणारे तुमचे मामा-काका असतील, तर त्यांना विचारा. तिकडे हंगाम ऊन संपवत नाही, ऑक्टोबरातली थंडी संपवते. मिरचीचे शौकीन लोक तिथे पहिलं हिम पडायच्या आत कुंड्या उचलून घरात, खिडकीशी नेऊन ठेवतात. आपल्याला उलटं करायचंय. झाडाला उन्हातून सावलीत न्यायचंय.

पण त्याआधी एक तपासणी. सगळीच झाडं ठेवायची नसतात. पानं आखडली की आपण सरसकट 'बोकड्या आला' म्हणतो. शेतीच्या पुस्तकात त्याला 'चुरडा-मुरडा' म्हणतात. नीट बघितलंत तर त्यातही फरक दिसेल. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं पान झालं असेल, तर बहुधा फुलकिड्यांनी रस शोषलाय. कडा खाली वळून उलटी होडी झाली असेल, तर कोळी ही कीड. दोन्ही इतक्या बारीक असतात की डोळ्यांना धड दिसत नाहीत. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा आणि भिंगातून बघा, काहीतरी चालताना दिसेल! अशा झाडाच्या आखडलेल्या फांद्या छाटून, लिंबोळी अर्काची फवारणी केली, की ते सावरू शकतं.

मात्र पानं बारीक-बारीक होत गेली, पिवळसर पडली, सगळं झाड खुजं होऊन त्याचा गुच्छ झाला असेल, तर तो विषाणू. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. विषाणूवर औषध नाही. फवारणी करून उपयोग नाही, छाटूनही उपयोग नाही. ते झाड मात्र खरोखर उपटा, आणि बाकीच्या झाडांपासून दूर नेऊन मातीत खोल पुरा. जीव तुटतो, पण शेजारचा टोमॅटोही त्यामुळे धोक्यात येऊ शकतो.

बाकीच्यांची छाटणी. हे काम आईबाबांना किंवा दादा-ताईला बरोबर घेऊन करा, कारण धारदार कात्री लागते. मिरचीचा बुंधा थोडा वर गेला, की इंग्रजी 'वाय'सारखा फुटतो. त्या फाट्याच्या खाली कधीही कापायचं नाही. फाट्यावरच्या तीन-चार चांगल्या फांद्या चार-चार बोटं ठेवायच्या आणि वरचं सगळं काढून टाकायचं. झाड अगदी बोडकं दिसेल. घरचे विचारतील, "हे काय केलंस?" त्यांना हा अंक दाखवा. कुंडीतली वरची दोन बोटं माती खुरप्याने हलकेच मोकळी करून त्यात मूठभर गांडूळखत नाहीतर जुनं शेणखत घाला. मातीवर वाळका पालापाचोळा अंथरा. कुंडी अशा जागी ठेवा, जिथे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारचं मिळणार नाही. पाणी रोज ठरवून तांब्याभर ओतू नका. बोट मातीत खुपसा आणि कोरडं लागलं तरच घाला. बोडक्या झाडाला पाणी फार लागत नाही. पानंच नाहीत, तर ते पिणार कोण?

पंधरा दिवसांत सालीतून हिरवे ठिपके डोकावतात. त्यांचीच पुढे पानं होतात. उन्हाळाभर झाड नुसतं तग धरून राहील, फार मिरच्यांची आशा ठेवू नका. मृगाचा पाऊस पडला की ते जोर धरतं, आणि शेजारच्यांचं नवं रोप अजून वीतभर असताना तुमच्या झाडाला फुलं आलेली असतात, कारण मुळं आधीच तयार आहेत. फक्त पावसात कुंडीत पाणी साचू देऊ नका. मिरचीच्या मुळांना तुंबलेलं पाणी अजिबात सोसत नाही. कोकणातल्या मित्रांनी तर कुंडी वळचणीच्या आतच ठेवावी.

छाटलेल्या फांद्यांवरच्या मिरच्यांचं काय? हा आमचा सगळ्यात आवडता भाग.

पूर्ण हिरव्या, जून झालेल्या मिरच्या ठेच्याला द्या. ज्यांच्यावर तांबूस झाक आली आहे, त्या घरात टोपलीत ठेवल्या तरी बहुधा लाल होतात. अगदी कोवळ्या हिरव्या मात्र आंब्यासारख्या आढीत घालून पिकत नाहीत, त्या सुकून सुरकुततात. म्हणून छाटणीआधी आठ-दहा दिवस थांबता आलं तर थांबा, जितक्या झाडावर लाल होतील तितक्या होऊ द्या. हिरव्याची लाल होते म्हणजे काय होतं? पानांना हिरवं करणारं हरितद्रव्य मोडतं आणि लाल रंगाची नवी द्रव्यं तयार होतात. त्यातल्या मुख्य द्रव्याचं नाव कॅप्सँथिन. ब्याडगी मिरचीत रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, म्हणून रश्श्याला लालभडक तवंग हवा असला की आई ब्याडगी घेते. रंग वेगळा आणि तिखट वेगळं, हे लक्षात ठेवा. लाल दिसली म्हणून ती जास्त तिखट असेलच असं नाही.

तिखट असतं ते कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे. आणि ते कुठे असतं? बियांत, असं उत्तर दिलंत ना? चूक! मिरची उभी चिरून पाहा. बिया ज्याला चिकटलेल्या असतात, तो आतला पांढरट भाग आणि त्याच्या शिरा, तिथे कॅप्सेसिन तयार होतं. बिया त्याला खेटून असतात म्हणून त्यांनाही ते लागतं. हंगामाच्या शेवटी मिरच्या लहान असूनही झोंबतात, असं आजी म्हणत असेल तर तिचं ऐका. झाडाला पाणी कमी पडलं, की बऱ्याच जातींमध्ये कॅप्सेसिन वाढतं.

हे कॅप्सेसिन आपल्या जिभेला भाजल्यासारखं का वाटतं, हे कोडं सुटायला १९९७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी शोधून काढलं, की उष्णतेचा चटका ओळखणारी जी यंत्रणा आपल्या मज्जातंतूंवर असते, तीच कॅप्सेसिनने चालू होते. म्हणजे मेंदूला खरोखरच निरोप जातो, 'भाजतंय!' जीभ मात्र थंडच असते. या कामासाठी त्यांना २०२१ सालचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. मिरचीने मिळवून दिलेलं हे पहिलं नोबेल नव्हे. हंगेरीतल्या सेगेड या गावचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी क जीवनसत्त्वाच्या शोधात होते आणि ते पुरेसं मिळेल असा पदार्थ सापडत नव्हता. एके रात्री बायकोने जेवायला मिरची वाढली. त्यांना ती खायची नव्हती! ताटातून सुटका कशी करावी याचा विचार करताना सुचलं, की या गोष्टीची तपासणी आपण कधी केलीच नाही. मिरची गेली प्रयोगशाळेत आणि तिच्यात क जीवनसत्त्वाचा खजिनाच निघाला. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. (ताटात नको असलेलं टाकायला हे निमित्त तुम्ही सांगू नका. प्रयोगशाळा कुठाय असं आई विचारेल.)

तोंड पोळलं तर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या. आणि मिरच्या हाताळल्यावर आधी हाताला थोडं तेल चोळून मग साबणाने धुवा. तोपर्यंत डोळ्यांना हात लावायचा नाही, बाळाला उचलायचं नाही.

दोन-चार लाल मिरच्या झाडावर तशाच सोडल्यात, तर एक गंमत बघायला मिळेल. बुलबुल येऊन ती खातो आणि त्याला काही होत नाही! पक्ष्यांना कॅप्सेसिनचा चटका जाणवतच नाही. उंदीर मात्र तोंड फिरवतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात जंगली मिरचीवर झालेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की उंदरांसारख्या प्राण्यांच्या पोटातून गेलेलं बी पुढे उगवत नाही, पक्ष्याच्या पोटातून गेलेलं उगवतं. तिखटपणा म्हणजे झाडाने दारावर लावलेली पाटीच: 'फक्त पक्ष्यांसाठी'. आपण माणसं तेवढी पाटी न वाचता आत शिरलो.

आता बियांकडे या. मला विचाराल तर आजचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

तुमचं रोप कुठून आलं होतं? दुकानातल्या रंगीत पुडीतून आलं असेल आणि पुडीवर 'संकरित' किंवा 'एफ-वन' लिहिलं असेल, तर त्याचं बी ठेवण्यात फार अर्थ नाही. ते उगवेल, पण मिरची आईसारखी निघेलच असं नाही. पण आजीने माहेरहून रुमालाच्या गाठीत बांधून आणलेलं बी असेल, शेजारच्या काकूंनी दिलेलं परसातलं रोप असेल, तर गोष्ट वेगळी. असं बी कुठल्याही दुकानात मिळत नाही. मिरचीचं बी घरच्या डब्यात दोन-तीन वर्षं चांगलं राहतं, पुढे त्याची उगवण झपाट्याने घटते. म्हणजे सलग तीन-चार वर्षं ते कुणी लावलंच नाही, तर ती मिरची त्या घरापुरती संपली. पैसे टाकूनही परत यायची नाही. नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, गोव्याच्या काणकोणातली खोला, या मिरच्यांना आज भौगोलिक मानांकन आहे. त्या टिकल्या, कारण तिथल्या लोकांनी दरवर्षी थोडं बी बाजूला काढून ठेवलं, एवढंच.

बी कुठल्या मिरचीचं धरायचं? इथे बहुतेक जण घाई करतात. चांगल्या चांगल्या मिरच्या आधी खाऊन टाकतात आणि शेवटी उरलेल्या वाकड्यातिकड्यांचं बी धरतात. तसं करू नका. सगळ्यात निरोगी झाड निवडा, त्यावरची सगळ्यात भरदार, आपल्या जातीसारखी दिसणारी मिरची निवडा आणि तिच्या देठाला लाल दोरा बांधा. घरात सगळ्यांना सांगा, 'दोरा बांधलेली तोडायची नाही.' ती पूर्ण लाल होऊन जराशी सुरकुतली की काढा, बिया सोडवा आणि सावलीत कागदावर पसरा. कडक उन्हात नको. आठवड्याने एक बी दुमडून बघा. ते वाकलं तर अजून ओल आहे. कडकन मोडलं तर झालं. मग कागदाची पुडी करा, तिच्यावर जात, कुणाकडून आली आणि तारीख लिहा. पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि ओल शोषायला सोबत भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी टाका.

एक अडचण सांगायला हवी. मिरचीचं फूल स्वतःचं परागीकरण स्वतः करू शकतं, पण मधमाश्या त्यात लुडबुड करतात. लवंगीशेजारी ढोबळी मिरची असेल तर बी मिसळू शकतं, कारण तीही याच जातकुळीतली. यंदाची मिरची खाताना काही कळणार नाही, भानगड पुढच्या वर्षी उघडी पडते. म्हणून येत्या पावसाळ्यात दोन-तीन कळ्यांवर, त्या उमलण्याआधीच, मलमलीची छोटी पिशवी बांधा. फळ धरलं की पिशवी काढा आणि दोरा बांधा.

उरलेल्या लाल मिरच्या सुती कपड्यावर उन्हात वाळवा, रात्री आत घ्या. चार-पाच किलो ओल्या मिरचीची सुकून जेमतेम किलोभर होते, तेव्हा तुमच्या मूठभर मिरच्यांची चिमूटभर झाली तर रडू नका. नंदुरबारला मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागांना पथारी म्हणतात, मैदानच्या मैदान लाल होऊन जातं. आपली पथारी उशीच्या अभ्र्याएवढी. जाडसर हिरव्या मिरच्या असतील तर त्या आजीच्या स्वाधीन करा. घराघरांत वाळवणं सुरू होतील, त्यात सांडग्या मिरचीला जागा असतेच. मिरचीला चीर द्यायची, धणे-जिरे-मेथीपूड, हिंग आणि मीठ भरायचं, दिवसा वाळवायचं आणि रात्री ताकात टाकायचं, असं चार-पाच दिवस. नंतर खडखडीत वाळवून ठेवली, की आषाढातल्या खिचडीबरोबर तळायला तयार.

आईबाबांसाठी एक विनंती. कुंडी रिकामी झाली नाही तरी चालेल. परीक्षेच्या दिवसांत मुलं पाच मिनिटं त्या बोडक्या झाडाशी जाऊन बसली, तर रागावू नका.

शेवटचं काम परीक्षा संपल्यावरचं. ठेवलेल्या बियांतल्या दहा बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं वाटीत ठेवा आणि कोरडं पडू देऊ नका. आठ-दहा दिवसांनी उघडा. कोंब आलेल्या बिया मोजा. सात आल्या तर सत्तर टक्के उगवण. सरकारी प्रमाणित बियाण्यालाही मिरचीत किमान ६० टक्क्यांचीच अट असते, म्हणजे तुम्ही जिंकलात! चारच आल्या तर जूनमध्ये दुप्पट बी पेरा. दहापैकी किती उगवल्या, मिरचीचं नाव काय आणि ती कुणाकडून आली, एवढं पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा. आणि हो, ज्यांच्या बोडक्या झाडाला पालवी फुटली, त्यांनी तारीख कळवायला विसरू नका.